आकृतीत न मावणारं लैंगिक शिक्षण

शाळेत लैंगिक शिक्षण दिलं की मुलं नको त्या वयात नको ते करू लागतील, ही भीती जुनीच. युनेस्कोने 2018 साली आपली मार्गदर्शिका सुधारून काढली, तेव्हा जगभरातले अभ्यास तपासले गेले. अशा शिक्षणामुळे शरीरसंबंध लवकर सुरू होत नाहीत, उलट काही ठिकाणी ते लांबतात, असं त्यांतून दिसलं. नुसतं ‘संयम पाळा’ म्हणणाऱ्या वर्गांचा मात्र फारसा उपयोग झाला नव्हता. खरं तर वाद इथेच मिटायला हवा.

खरा प्रश्न आहे, शिकवायचं काय? निकोल हॅबरलँड या संशोधिकेने 2015 साली 22 कार्यक्रमांची तुलना केली. काहींत शरीर, आजार आणि गर्भनिरोधन एवढंच होतं. बाकीच्यांत मुलगा किंवा मुलगी म्हणून लादलेल्या अपेक्षा आणि नात्यात कोणाचं चालतं, यावरही बोलणं होई. या दुसऱ्या गटातल्या 80 टक्के कार्यक्रमांनंतर लैंगिक आजार किंवा नको असलेली गर्भधारणा कमी झाली. पहिल्या गटात हे प्रमाण 17 टक्के. 22 हा आकडा लहान आहे, पण तफावत डोळ्यांत भरते. कंडोम कसा वापरतात हे पाठ आहे, पण जोडीदाराला ‘वापर’ म्हणायची सोय नाही, तर त्या पाठांतराचं करायचं काय?

नात्यांविषयी बोलायचं तर वर्गात कोण कोण बसलंय हे पाहावंच लागतं. कुणाचं वयात येणं आठव्या वर्षी सुरू होतं, कुणाचं चौदाव्या; दोन्ही नैसर्गिक. कुणाला समलिंगी आकर्षण वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने ते आजारांच्या यादीतून 1990 सालीच वगळलं. कुणाचं शरीर स्त्री-पुरुष या दोन आकृत्यांत नीट बसत नाही.

आणि अपंग मुलं? त्यांच्यावर लैंगिक अत्याचार होण्याचा धोका इतरांच्या जवळपास तिप्पट असल्याचं 2012 सालच्या एका मोठ्या आढाव्यात आढळलं. तरी या तासाला त्यांचा विचार सर्वांत शेवटी होतो. रोज अंघोळीला, कपडे बदलायला दुसऱ्याची मदत लागणाऱ्या मुलाला ‘कोणालाही हात लावू देऊ नकोस’ हे सांगून भागत नाही. मदत करणाऱ्याने आधी विचारायचं, काय करतोय ते सांगायचं आणि काम झालं की थांबायचं, हे त्याला माहीत असावं लागतं. बोलता न येणारी मुलं चित्रांच्या तक्त्यावर बोट ठेवून बोलतात. त्यावर पाणी, भूक, खेळ असतात. गुप्तांगांची चित्रं बहुधा नसतात. ती तिथे लावणं आणि ‘नको’साठी एक खूण पक्की करणं, हाही याच विषयाचा अभ्यासक्रम आहे.