वीर रेल्वे स्थानक

रायगड जिल्ह्याच्या महाड तालुक्यातील कोकण रेल्वेचे स्थानक. रोह्यापासून सुमारे ४७ किमी. मुंबईकडून येताना माणगाव व गोरेगाव रोडनंतर वीर लागते. पुढे सापे वामने व करंजाडी. लोहमार्ग महाड शहरात शिरत नाही, त्यामुळे महाडकरांचे स्थानक व्यवहारात हेच होय.

रेल्वेपूर्वी या भागाचा मुंबईशी संबंध मुख्यतः सावित्रीच्या खाडीतून, दासगाव बंदरामार्गे असे. डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून आगबोटीने याच बंदरी उतरले होते. ‘दिवा-दासगाव रेल्वे’ची मागणी याच काळाच्या आसपास पुढे आली, असे सामान्यतः मानतात. काही लेखक कोकणातील रेल्वेच्या पाहणीचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मागे नेतात. मात्र सर्वसाधारण पाहणी आणि दासगावपर्यंतच्या मार्गाची ठोस योजना या दोन गोष्टी वेगळ्या धरणे अधिक सयुक्तिक वाटते. दासगावाशेजारचे वीर हे त्या जुन्या योजनेचेच फळ, असेही म्हटले जाते. रोह्यापर्यंतच्या मार्गापुरते ते बरेचसे पटते : १९६० च्या दशकात पनवेल-आपट्यापर्यंत आलेला लोहमार्ग १९८६ मध्ये रोह्यास पोहोचला. त्यापुढची रेल्वे मात्र बंदरापाशी संपणारी नव्हती. ती मंगळूरपर्यंत सलग जाणारी होती. तिच्यासाठी बॅ. नाथ पै व मधू दंडवते यांनी संसदेत दीर्घकाळ पाठपुरावा केला. कोकण रेल्वे महामंडळ १९ जुलै १९९० रोजी स्थापन झाले.

रोहा-वीर हा उत्तरेकडील पहिला टप्पा जून १९९३ मध्ये खुला झाला. मार्च १९९५ मध्ये गाड्या खेडपर्यंत जाऊ लागल्या; तोवर वीर हेच शेवटचे स्थानक होते. पुढच्या कामास वेळ लागण्याचे कारण भूरचनेत आहे. जुना महामार्ग कशेडी घाट चढून खेडकडे उतरतो. रेल्वेला असा चढ घेता येत नाही, कारण या मार्गावर चढाची मर्यादा १५० मीटरला १ मीटर अशी ठेवली आहे. म्हणून वीरनंतर सावित्री ओलांडून मार्ग घाटाच्या पश्चिमेने जातो व विन्हेरे-दिवाणखवटी दरम्यान चार किलोमीटरहून लांब अशा नातूवाडी बोगद्यातून पलीकडे निघतो.

रोहा-वीर दुहेरीकरण ऑगस्ट २०२१ मध्ये पूर्ण झाले आणि वीरला पुन्हा टोकाचे महत्त्व आले. येथून दक्षिणेस मार्ग एकेरी आहे. दक्षिणेकडे जाणारी गाडी सोडण्यापूर्वी वीरच्या स्टेशन मास्तरला पुढच्या स्थानकाकडून ‘लाइन क्लिअर’, म्हणजे पुढचा टप्पा मोकळा असल्याची परवानगी, घ्यावी लागते. समोरून येणारी गाडी संपूर्ण आत आल्याची खात्री झाल्याशिवाय ती मिळत नाही. अखेरच्या डब्यामागची ‘एलव्ही’ (लास्ट व्हेइकल, शेवटचा डबा) ही पाटी दिसली नाही, तर एखादा डबा मागे तुटून राहिल्याची शक्यता गृहीत धरून तो टप्पा अडलेलाच मानतात. परवानगी मिळाल्यावरच सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारी जोडणी) लावून सिग्नल दिला जातो. म्हणून दक्षिणेकडील एका गाडीचा उशीर वीरला थांबलेल्या गाडीवर आणि तिच्यामागून येणाऱ्या गाड्यांवर चढत जातो. गाडी ‘क्रॉसिंगला टाकली’, म्हणजे समोरची गाडी जाऊ देण्यासाठी थांबवली, हा प्रवाशांचा नेहमीचा अनुभव निष्काळजीपणातून येत नाही. तो या व्यवस्थेचा अटळ भाग आहे. सापे वामने व कळंबणी बुद्रुक येथे क्रॉसिंगची सोय झाल्याने खोळंबा घटला, तरी खरा उपाय वीरच्या पुढे दुसरा मार्ग टाकणे हाच आहे.

पावसाळ्यात धोका दोन बाजूंनी असतो. पहिला पुराचा. माणगाव-वीर दरम्यान काळ नदी व वीर-सापे वामने दरम्यान सावित्री या दोन्ही पुलांवर पूरसूचक यंत्रणा आहे. दुसरा, अधिक घातक, दरडींचा. कटिंगच्या (मार्गासाठी डोंगर कापून केलेल्या खिंडीच्या) उतारात मातीत रुतलेले मोठे धोंडे असतात. पहिल्या जोरदार सरींनी भोवतीची माती धुपली की धोंडा सुटतो. वर पाणी वळवणारा चर गाळाने तुंबला असेल तर पाणी थेट उतारात मुरून हे लवकर घडते. १६ जून २००४ रोजी करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला असाच अपघात होऊन जीवितहानी झाली. आदल्या जूनमध्ये वैभववाडीजवळही दरडीमुळेच मोठा अपघात झाला होता. त्यानंतर उतार कमी करणे, टप्पे पाडणे, जाळ्या बसवणे ही कामे मोठ्या प्रमाणावर झाली. मुसळधार पावसात समोरचे नीट दिसत नसेल तर गाडी ताशी ४० किमीने चालवण्याचा आदेश असतो व धोक्याच्या जागी अहोरात्र गस्त घालतात. पावसाळी वेळापत्रक अनेक वर्षे १० जून ते ३१ ऑक्टोबर असे. त्या काळात वीरवरील वेळाही बदलतात. जुन्या वेळेवर विसंबून स्थानकावर जाऊ नये.

मार्गाचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले. रायगड किल्ल्याकडे जाणारे प्रवासी वीर अथवा माणगाव येथे उतरून रस्त्याने महाड गाठतात. लांब पल्ल्याच्या अनेक जलद गाड्या वीरला थांबत नाहीत.