मैदानात आलेली नदी खरंच संथ होते का?

नदी डोंगरात वेगाने धावते आणि मैदानात आली की संथ होते, हे आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलंय. दिसतंही तसंच. पण १९५३ साली ल्यूना लिओपोल्ड या अमेरिकन जलशास्त्रज्ञाने बऱ्याच नद्यांच्या वेगाच्या नोंदी तपासल्या तर उलटंच निघालं, खाली जाताना सरासरी वेग कमी होत नाही, बहुतेक वेळा थोडा वाढतोच!

डोंगरातल्या ओढ्यात एक पान टाकून बघा. दोन धोंड्यांच्या फटीतून ते सुसाट जातं, आणि पुढच्याच धोंड्यामागे भोवऱ्यात अडकून गोल गोल फिरत बसतं, कधी उलटंही येतं. आपल्याला फेस आणि आवाज दिसतो, ते अडकणं हिशोबात धरत नाही. पाण्याची बरीचशी ताकद धोंड्यांवर आपटण्यातच संपते.

आता थोडं गणित, पण हीच खरी मजा आहे. १८व्या शतकात आंत्वान शेझी या फ्रेंच इंजिनिअरने दाखवलं की वेग हा खोली गुणिले उतार याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. समजा डोंगरात उतार ५० मीटरला १ मीटर आणि खोली अर्धा मीटर, तर गुणाकार ०.०१. मैदानात उतार ५००० मीटरला १ मीटर, पण उपनद्या मिळून मिळून खोली १० मीटर झालीय, गुणाकार ०.००२. म्हणजे उतार शंभर पटीने घटला तरी वर्गमुळात फरक जेमतेम सव्वादोन पट, आणि खाली तळ वाळूचा, गुळगुळीत असल्याने घर्षण इतकं कमी की हा फरक भरून निघतो आणि वर थोडा वेग उरतो.

मग गाळ मैदानातच का साचतो? कारण तळावरचा दगड हलवणारी ओढ त्याच गुणाकारावर चालते, वर्गमूळ न काढता. ती वरच्या उदाहरणात पाच पटीने घटली, त्यामुळे मोठे गोटे डोंगराच्या पायथ्याशीच थांबतात आणि वाळू, माती पुढे जाते.

पायथ्याशी हा माल साचत गेला की पात्र उंच होतं आणि नदी बाजूच्या खोलगट जागी उडी मारते. याला नदीचा कोप म्हणून पूजा घालणारे आजही आहेत. श्रद्धा ज्याची त्याला, पण पूजेने पात्रातला गाळ हलत नाही. हिमालयातून उतरणाऱ्या कोसीला दोन्ही बाजूंनी बांध घातले, गाळ बांधांच्या मधेच साठत राहिला आणि पात्र आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वर आलं. १८ ऑगस्ट २००८ ला नेपाळमध्ये कुसहाजवळ बांध फुटला, आणि नदी जवळपास १२० किलोमीटर पूर्वेला, स्वतःच्याच एका जुन्या, सोडून दिलेल्या पात्रात शिरली.