घाटातला लाल पट्टा आणि टेबललँडचा जांभा

दिवाळीच्या सुट्टीत भाची वाईला आली की आमचा एक नेम ठरलेला. सकाळी सहाला स्कूटर काढायची, पसरणी घाटातल्या एकाच वळणावर थांबायचं, तासभर दगड बघायचे आणि नऊच्या आत घरी पोह्यांना हजर. तिसऱ्या दिवशी कापलेल्या दरडीतल्या कमरेएवढ्या लालभडक पट्ट्यावर हात ठेवून ती म्हणाली, "मामा, हा जांभा ना?"

कॉलेजात असताना मीही हेच म्हणालो होतो, तेही सगळ्या वर्गासमोर. चूक सहज होते. हा पट्टा आणि जांभा, दोन्ही लाल, दोन्हींचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा, आणि दोन्ही बेसाल्टचीच, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडाचीच लेकरं.

घाटातला तो पट्टा म्हणजे बोल. इंजिनिअर लोक 'रेड बोल' म्हणतात, गावात कुणी गेरूही म्हणतं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास इथे लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले. दोन थरांच्या मध्ये कधी उसंत मिळाली, तेवढ्यात खालच्या थराचा माथा कुजून माती झाली; काही ठिकाणी ज्वालामुखीची राखही साठली. मग वरून पुढचा लाव्हा आला आणि ती माती विटेसारखी भाजून निघाली. म्हणून पट्ट्याची वरची कड सुरीने कापल्यासारखी असते. खालची कड मात्र सापडता सापडत नाही. लाल माती हळूहळू बारीक भोकांच्या दगडात आणि मग काळ्या कातळात विरून जाते. भाचीला मी ही खालची कड खडूने आखायला सांगितली. तीन वेळा पुसली तिने.

जांभ्याला लाव्हाने भाजलेलं नाही, त्याला पावसाने धुतलंय. ज्वालामुखी थंडावल्यावर सगळ्यात वरचा थर लाखो वर्षं उष्ण, दमट हवेत उघडा पडला. चुना, सोडा, बरीचशी सिलिका पाण्याबरोबर वाहून गेली. लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. पाचगणीचं टेबललँड, कासचं पठार, महाबळेश्वरचा माथा, सगळीकडे ही टोपी दिसते. १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकॅनन यांनी केरळातल्या अशाच दगडाला 'लॅटेराइट' नाव दिलं, लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून. गंमत म्हणजे खरी भाजलेली वीट शोभते ती बोल!

हाताला फरक लगेच कळतो. बोलवर बाटलीतलं पाणी टाकून बोट फिरवा, चिकट लाल गंध लागतं. जिभेला लावला तर चिकटतो (भूशास्त्रवाले दगड चाटतात, हे तोपर्यंत तिच्या आईला माहीत नव्हतं). जांभा खडबडीत, नळ्यांसारख्या वेड्यावाकड्या भोकांचा. पाणी ओतलं की त्यात गडप होतं.

हवेशी दोघांचं वागणं तर अगदी उलटं. ताजा खणलेला जांभा उघड्यावर टणक होत जातो, कोकणात त्याचे चिरे उगाच नाही काढत. बोल उन्हापावसात भुसभुशीत होऊन झडतो, आत सरकतो, आणि वरचा कातळ अधांतरी लटकतो. अशा जागी दरड कोसळते. म्हणून हातोडा चालवायचा तो बाजूच्या पडलेल्या ढेकळावर, लटकत्या कातळाखाली नाही. पाण्याचंही तसंच. बोलमधली चिकणमाती पाणी सहसा खाली जाऊ देत नाही, त्यामुळे पावसाळा सरला तरी काही ठिकाणी पट्ट्याच्या वरच्या कडेने ओल दिसते. जांभा पाणी पिऊन घेतो आणि पायथ्याच्या मऊ मातीशी झऱ्याने सोडतो.

एवढं लक्षात राहत नसेल तर मान वर करा. लाल दगडाच्या डोक्यावर काळा कातळ असेल तर बोल, आभाळ असेल तर जांभा. घसरून आलेल्या दगडांना मात्र हा नियम लावू नका.

शेवटच्या दिवशी भाचीला रस्त्याकडेला एक लाल धोंडा दिसला. वर आभाळच होतं, पण ती फसली नाही. भोकात पाणी ओतलं, ते गडप झालं, बोटाला चिकट गंधही लागलं नाही. मग तिने मान वळवून वर टेबललँडच्या कड्याकडे बघितलं. "हा तिथून पडला," म्हणाली.