अम्ब्रेला कंपनीत पावतीशिवाय खर्च क्लेम करता येतो? नाही!

यूकेत अम्ब्रेला कंपनीतून (काँट्रॅक्टरला नोकरीवर घेऊन पगार देणारी मधली कंपनी) काँट्रॅक्ट करणाऱ्या आपल्या मंडळींत अजून सांगतात की रोजच्या जेवणाचे पैसे पावतीशिवाय लावा, कंपनीकडे डिस्पेन्सेशन आहे, कोणी विचारत नाही. साफ चूक आहे हे. डिस्पेन्सेशन म्हणजे फक्त एचएमआरसीला (यूकेचं टॅक्स खातं) खर्च रिपोर्ट करण्यातून सूट, न केलेला खर्च दाखवायची परवानगी तेव्हाही नव्हती आणि ती पद्धतच ६ एप्रिल २०१६ ला बंद झाली. त्याच दिवसापासून कामावर कुणाची देखरेख, सूचना किंवा कंट्रोल असेल, आणि बहुतेकांच्या असतोच, तर घर ते क्लायंट प्रवासावर टॅक्स सवलत मिळत नाही. 'एचएमआरसी अप्रूव्हड' लिहिलेलं दिसलं तर लांबच राहा, एचएमआरसी कुठल्याच अम्ब्रेलाला अप्रूव्ह करत नाही. आणि खोटा क्लेम सापडला तर टॅक्स, व्याज, पेनल्टी तुमच्याच बोकांडी बसू शकते.