नफा दोन सोंगट्या, गल्ला रिकामा

कंपनीतल्या लोकांना ताळेबंद, म्हणजे धंद्याकडे काय आहे आणि ते कुठल्या पैशातून आले याचा तक्ता, फळ्यावर लिहून शिकवायला घेतला की पाचव्या मिनिटाला जांभया सुरू होतात. तोच हिशेब पटावर सोंगट्यांचा खेळ करून मांडला की यंत्रावर काम करणारा माणूसही हिरिरीने वाद घालतो.

चार-पाच जणांमागे एक पट पुरे. सहावा नुसता बघत बसतो. पटावर रोकड, कच्चा माल, तयार माल, यंत्र, येणी (गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे) आणि कर्ज असे चौकोन, शेजारी खर्चाची वाटी. एक सोंगटी म्हणजे १ लाख रुपये. भांडवल १० सोंगट्या. त्यातल्या ४ यंत्रात गेल्या, रोकड उरली ६.

पहिल्या फेरीत ४ चा कच्चा माल घ्यायचा, तो तयार मालात सरकवायचा. मजुरी १ आणि भाडे १ थेट वाटीत. सगळा माल ९ ला विकला जातो, पण उधारीवर. पैसे तिसऱ्या फेरीत मिळणार. मालाच्या ४ सोंगट्या वाटीत जातात, येणीवर ९ ची चिठ्ठी पडते. यंत्र चार फेऱ्या चालणार, म्हणून त्यातली १ सोंगटी घसाऱ्याची, म्हणजे यंत्राच्या झिजेची; तीही वाटीत. वाटीत मोजल्या तर ७. म्हणजे नफा २!

दुसऱ्या फेरीत मजुरी द्यायची वेळ येते, तेव्हा रोकडीचा चौकोन रिकामा असतो. खेळाचा सगळा जीव या क्षणात आहे, म्हणून इथे लगेच खुलासा करू नये. टेबलावरच्या गटाला दोन वाटा द्याव्यात: गिऱ्हाइकाला १ ची सूट देऊन ८ आत्ताच घ्या, नाहीतर ५ चे कर्ज काढा आणि दर फेरीला १ व्याज भरा. कुठल्याही निर्णयाआधी मेळ मात्र तपासायचा: येणी ९ आणि यंत्र ३ मिळून १२, भांडवल १० आणि नफा २ मिळूनही १२. जुळत नसेल तर बहुधा विक्रीच्या वेळी कुणीतरी सवयीने रोकडीत सोंगट्या टाकलेल्या असतात.

सोंगट्या हिशेबनिसाच्या हाती देऊ नयेत; तो पटापट हलवतो आणि बाकीचे माना डोलावतात. बक्षीसही नुसत्या नफ्यावर ठेवू नये. ठेवलेत तर सगळी टेबले बेधडक उधारीवर विकत सुटतात.

१९८३ मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात स्प्रिंगफील्ड रीमॅन्युफॅक्चरिंग हा इंजिन-दुरुस्तीचा कारखाना जॅक स्टॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकत घेतला. स्वतःचे १ लाख डॉलर, कर्ज ८९ लाख. तिथे कामगारांना खरे आकडे वाचायला शिकवले आणि त्यांना शेअरही दिले. आपल्याकडेही चौथ्या फेरीनंतर त्याच पटावर स्वतःच्या कंपनीची गेली तिमाही मांडावी. येणीचा ढीग किती उंच होतो, ते तेव्हा दिसते.