पावातला खडू

ब्रिटनमध्ये 2026 अखेरपासून गव्हाच्या पिठात फॉलिक आम्ल (एक ब जीवनसत्त्व) मिसळणे सक्तीचे होणार आहे. अशी बातमी आली की ‘सरकार पिठात रसायने घालते’ हा आक्षेप ठरलेला. पण त्या देशाच्या पिठात गेली ऐंशी वर्षे चक्क खडू आहे, आणि तो घातला भेसळखोरांनी नव्हे, सरकारने. फळ्यावरचा खडू पुष्कळदा जिप्समचा असतो, तो हा नव्हे. हा खाणीतला मऊ पांढरा दगड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, धुऊन बारीक दळलेला.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी ब्रिटनचे निम्म्याहून अधिक अन्न बोटींनी येत असे. जर्मन पाणबुड्या त्या बोटी बुडवू लागल्या, तेव्हा प्रश्न आला गव्हाच्या उताऱ्याचा. उसाचा साखर उतारा आपल्याला माहीत आहे, तसाच हा. 100 किलो गव्हातून पांढरे पीठ निघे 73 किलोच्या आसपास, बाकीचा कोंडा आणि अंकुर जनावरांना. 1942 मध्ये सरकारने 85 टक्के उतारा सक्तीचा केला. 100 टन पिठाला आधी 137 टन गहू लागत असे, तो आता 118 टनांत भागू लागला. शिवाय अंकुराजवळचे ब1 जीवनसत्त्वही पावात राहिले. (बोटींचा हाच हिशेब 1943 मध्ये बंगालच्या वाट्याला फार क्रूरपणे आला. तिथे वीस ते तीस लाख माणसे मेली आणि लंडनने पुरेसे धान्य पाठवले नाही. युद्धातल्या ब्रिटिश पोषणाचे कौतुक करताना हे विसरता येत नाही.)

खरी गंमत यापुढे आहे. कागदावर पाहिले तर कोंडा राहिलेल्या या काळपट पावात पांढऱ्यापेक्षा कॅल्शियम जास्त. पण केंब्रिजमध्ये पोषणशास्त्रज्ञ रॉबर्ट मॅकॅन्स आणि एल्सी विडोसन यांनी स्वतःवर आणि सहकाऱ्यांवर प्रयोग केले. खाल्लेला प्रत्येक घास मोजायचा, मल-मूत्र सगळे जमवून तपासायचे आणि आत गेलेल्यातून बाहेर पडलेले वजा करायचे. काळपट पाव खाताना शरीरात कॅल्शियम कमी राहत होते. मग त्यांनी पांढऱ्या पावात सोडियम फायटेट (कोंड्यातल्या फायटिक आम्लाचा क्षार) घातले, तर शोषण घसरले. काळपट पिठातले फायटेट काढून टाकले, तर ते सुधारले. चोर सापडला.

फायटिक आम्ल म्हणजे सहा कार्बनचे कडे आणि त्याला लटकलेले सहा फॉस्फेट गट. दाण्यासाठी ही फॉस्फरसची शिदोरी, कोंड्याच्या आतल्या थरात ठेवलेली. प्रत्येक फॉस्फेट दोन हायड्रोजन सोडू शकतो, म्हणजे एका रेणूवर बारापर्यंत ऋण भार. जठराच्या तीव्र आम्लात बरेच हायड्रोजन सुटत नाहीत, म्हणून कॅल्शियम मोकळे असते. लहान आतड्यात आम्लता उतरली की हायड्रोजन सुटतात, फॉस्फेटचे चिमटे उघडतात आणि कॅल्शियम, लोह, जस्त त्यात अडकून न विरघळणारा साका बनतो. जे विरघळत नाही ते आतड्याच्या भिंतीतून आत जात नाही.

उपाय सरळ होता: चिमट्यांना पुरून उरेल इतके कॅल्शियम द्या. दूध उत्तम, पण ते आधी मुलांना आणि गरोदर बायकांना हवे. म्हणून खडू ठरला. त्यात वजनाच्या 40 टक्के कॅल्शियम असते आणि जठरातल्या आम्लात तो विरघळतो. प्रमाण होते 280 पौंडांच्या पोत्याला 7 औंस, म्हणजे किलोला साधारण दीड ग्रॅम. 1946 मध्ये ते दुप्पट झाले. यातून लोह आणि जस्ताचा प्रश्न मात्र सुटत नाही.

शेजारच्या तटस्थ आयर्लंडमध्ये त्याच सुमारास उतारा 100 टक्क्यांवर नेला गेला. डब्लिनच्या मुलांमध्ये मुडदूस (हाडे मऊ पडण्याचा आजार) वाढला आणि उतारा पुन्हा खाली आणावा लागला. ‘कोंडा जितका जास्त तितके आरोग्य’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावे. फायटेटला ‘विष’ ठरवून ते असलेल्या डाळी सोडायला सांगणारेही तितकेच चूक आहेत.

जुलै 1940 पासून गरोदर स्त्रियांना आणि पाच वर्षांखालच्या मुलांना रोज एक पाइंट (अर्ध्या लिटरहून थोडे जास्त) दूध दोन पेन्सला किंवा फुकट मिळू लागले. 1941 अखेरीस लहान मुलांसाठी कॉड माशाचे तेल आणि फळांचा रसही आला. इंग्लंड-वेल्समधले बालमृत्यू 1941 मध्ये हजारी 60 होते, ते 1944 मध्ये 45 वर आले. सगळे श्रेय आहाराला देणे मला पटत नाही. याच काळात घटसर्पाची लस आणि जंतूंवरची सल्फा औषधे सर्रास वापरात आली, बेकारीही संपली. पण गरजेनुसार सर्वांना, ही सवय राज्ययंत्रणेला लागली ती इथे. 5 जुलै 1948 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेची वाट अशाच योजनांनी सोपी केली.

फायटेट मोडणारे फायटेज एन्झाइम गव्हातच असते. त्याला ओल, थोडी आम्लता आणि वेळ लागतो. यीस्टचा पाव फुगताना ते बरेच काम उरकते. चपातीची कणीक अर्धा तास मुरते आणि तव्यावर एन्झाइम मरते. आंबवणे आणि मोड आणणे इथेच कामी येते.

1960 आणि 70 च्या दशकांत ब्रिटनमधल्या दक्षिण आशियाई मुलांत मुडदूस दिसला, तेव्हा बोट चपातीकडे गेले. मुख्य कारण ड जीवनसत्त्वाची कमतरता होते, फायटेट फार तर साथीदार. तरी एक विसंगती आजही कायद्यात आहे. 1998 च्या नियमांनी 100 ग्रॅम पिठात किमान 235 मिलिग्रॅम खडूची सक्ती ठेवली, पण फायटेट सर्वांत जास्त असते ते अख्ख्या गव्हाचे पीठ त्यातून वगळले. नव्या फॉलिक आम्लाच्या सक्तीतूनही ते बाहेरच आहे.