शेवटच्या घरातल्या नळाचे क्लोरीन

गावाला मिळणारे नळाचे पाणी नीट निर्जंतुक झाले आहे की नाही हे पाहायचे असेल, तर टाकीखालच्या नळाचे पाणी तपासून भागत नाही. नमुना घ्यावा लागतो तो जलवाहिनीच्या अगदी टोकाला असलेल्या घरातून. काचेच्या नळीत ते पाणी घेऊन त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले, की क्लोरीन शिल्लक असल्यास पिवळा रंग उमटतो आणि तो क्लोरोस्कोपच्या रंगपट्टीशी ताडून पाहतात. ग्रामीण महाराष्ट्रात हिला ओटी टेस्ट म्हणतात. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार क्लोरीन वापरून शुद्ध केलेल्या पाण्यात ग्राहकाच्या नळापाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन उरलेले असावे लागते. रंग थेंब टाकताच पाहायचा असतो, कारण थोडा वेळ गेला की अमोनियासारख्या पदार्थांशी जोडले गेलेले, तुलनेने दुर्बळ क्लोरीनही त्यात रंग भरू लागते आणि पाणी आहे त्यापेक्षा सुरक्षित भासते.

या उरलेल्या क्लोरीनला एवढे महत्त्व असण्याचे कारण आपल्या पाणीपुरवठ्याच्या पद्धतीत आहे. बहुतेक गावांत पाणी चोवीस तास येत नाही. वीज असेल तेव्हा टाकी भरते आणि ठरलेल्या वेळी तास-दीड तास पाणी सोडले जाते. पाणी बंद झाले की उतारावरची वाहिनी खालच्या नळांतून रिकामी होऊ लागते, वरच्या भागातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, आणि जिथे सांधा गळका आहे किंवा व्हॉल्व्हच्या खड्ड्यात सांडपाणी साचले आहे, तिथून ते घाण पाणी आत ओढले जाते. विहीर कितीही स्वच्छ राखली तरी हा धोका टळत नाही. अशा वेळी आत शिरलेल्या जीवाणूंशी सामना करायला पाण्यात आधीपासून असलेले क्लोरीन हेच संरक्षण असते. गळती मोठी असेल तर तेही पुरत नाही, म्हणून गटारातून गेलेला पाइप बदलणे हेही जलशुद्धीकरणाचेच काम समजले पाहिजे.

क्लोरीन येते टीसीएल पावडरमधून, म्हणजे ब्लीचिंग पावडरच्या उष्ण हवामानात जरा अधिक टिकणाऱ्या प्रकारातून. ती पाण्यात मिसळली की हायपोक्लोरस आम्ल तयार होते. या आम्लाचे रेणू विद्युतभाररहित असल्याने जीवाणूच्या आवरणातून सहज आत शिरतात आणि त्याची जीवनप्रक्रिया मोडून टाकतात. मात्र पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कतेचे माप) साडेसातच्या वर गेला, की निम्म्याहून अधिक आम्लाचे रूपांतर हायपोक्लोराइट आयनात होते आणि त्याची मारक शक्ती कितीतरी कमी असते. पावसाळ्यात पाणी गढूळ झाले की आणखी एक अडचण उभी राहते : मातीच्या कणांच्या आड जीवाणू सुरक्षित राहतात आणि सेंद्रिय पदार्थ क्लोरीन खाऊन टाकतात. शिवाय हे काम तत्क्षणी होत नाही, त्याला किमान अर्धा तास द्यावा लागतो. म्हणून पाणी सोडण्याच्या पाच मिनिटे आधी टाकीत पावडर ओतणे चुकीचे आहे. पावडर बादलीत कालवून, चुना तळाशी बसू देऊन, वरची निवळी टाकीत सोडणे ही योग्य रीत होय.

हिशेब अवघड नाही. हजार लिटर पाण्याला पाच ग्रॅम हे गावोगाव वापरले जाणारे प्रमाण. दीड हजार वस्तीच्या गावाला जल जीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या निकषाने दिवसाला ८२,५०० लिटर पाणी लागते, म्हणजे रोज सुमारे ४१० ग्रॅम आणि वर्षाला साधारण दीडशे किलो पावडर. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते. पण गोणीचे तोंड उघडे राहिले, ती दमट खोलीत किंवा पत्र्याखालच्या उकाड्यात पडून राहिली, तर हे प्रमाण झपाट्याने उतरते. ते १५ टक्क्यांवर आले, तर त्याच पाच ग्रॅममधून लिटरला जेमतेम पाऊण मिलिग्रॅम क्लोरीन मिळते आणि त्यातले बरेचसे वाटेतच खर्ची पडते. कर्मचाऱ्याने रोज नेमाने पावडर टाकूनही शेवटच्या घरातली ओटी टेस्ट रंगहीन येण्याचे हे एक कारण आहे, आणि त्याचा दोष त्या कर्मचाऱ्याला देणे अन्यायाचे आहे.

माझ्या मते ग्रामीण पाणीपुरवठ्यातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित माणूस हाच. पंप चालू करणे, व्हॉल्व्ह फिरवणे, फुटलेला पाइप जोडणे, पावडर टाकणे ही सगळी कामे छोट्या ग्रामपंचायतीत बहुधा एकाच माणसावर असतात. महाराष्ट्रात वर्षातून दोनदा पाण्याच्या स्रोतांचे व परिसराचे स्वच्छता सर्वेक्षण होऊन ग्रामपंचायतींना लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. ही पद्धत चांगली आहे, परंतु दोन सर्वेक्षणांच्या मधले दिवस त्या एका माणसाच्या भरवशावर जातात.

जीवाणू तपासणीसाठी मात्र आता गावातच साधन आहे. १९८२ साली मांजा, मौर्य आणि राव या भारतीय संशोधकांनी मांडलेल्या चाचणीत रसायन असलेल्या बाटलीत पाणी भरून ठेवायचे. विष्ठेशी संबंधित जीवाणू असतील तर ते हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि एक-दोन दिवसांत पाणी काळे पडते. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना अशा क्षेत्रीय तपासणी संचांचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. हा काळा रंग घरातल्या बाईने स्वतः पाहिला, की ग्रामसभेत पाण्याचा विषय निघतोच.

हे जीवाणू स्रोतापर्यंत पोहोचतात कसे, हे पाहताना शौचालयाकडे वळावे लागते. दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयात एक खड्डा भरला की मैला दुसऱ्याकडे वळवतात, आणि पहिला किमान वर्षभर बंद ठेवल्यावर त्यात कोरडे, हाताळण्याजोगे खत मिळते. विहिरीपासून पंधराएक मीटर अंतर ठेवण्याचा संकेत मातीच्या जमिनीत उपयोगी पडतो, कारण माती जीवाणूंना गाळते. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये मात्र मातीचा थर पातळ असेल आणि खाली भेगाळलेला खडक असेल, तर पाणी न गाळताच भेगांतून दूरवर जाते. तिथे खड्डा उथळ व विहिरीच्या उताराच्या बाजूस ठेवणे, तळाशी वाळूचा थर देणे हे उपाय करावे लागतात. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाचा सल्ला खड्डे खणण्यापूर्वी घेतला पाहिजे.

या सगळ्यासाठी प्रत्येक लहान गावाने स्वतंत्र तंत्रज्ञ नेमणे शक्य नाही. अमेरिकेच्या ग्रामीण भागात ‘सर्किट रायडर’ म्हणजे अनेक छोट्या पाणी योजनांना आळीपाळीने भेट देऊन तिथल्या कर्मचाऱ्याला हाताशी धरून शिकवणारा तंत्रज्ञ असतो. आपल्याकडे पंचायत समितीच्या पातळीवर हातपंप दुरुस्तीची पथके अशीच गावोगाव फिरत आली आहेत. त्याच धर्तीवर क्लोरीन सोडणाऱ्या यंत्रांची दुरुस्ती, टीसीएलच्या साठ्याची तपासणी आणि टोकाच्या नळावरची ओटी टेस्ट हे काम दर महिन्याला करणारे पथक प्रत्येक तालुक्यात असावे, आणि त्याचा खर्च ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या पाणीपट्टीवर न टाकता जिल्हा परिषदेने उचलावा.